जयपुरातली खाडी

जयपुरात खाडी आहे असं म्हटलं तर शाळेतलं पोरही हसेल. समुद्र इथून किती लांब आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. लग्नानंतर रत्नागिरीकडच्या सासरहून इथे यायला एक एसटी आणि दोन आगगाड्या लागल्या होत्या, आणि उतरले तेव्हा दातांखाली वाळू करकरत होती. तरीसुद्धा आमच्या घरात तीस-पस्तीस वर्षं रोज खाडीचं नाव निघायचं. झोटवाड्यातल्या आमच्या कॉलनीमागून एक नाला जातो. सगळी कॉलनी त्याला नाला म्हणायची, तेही नाकाला रुमाल लावून. आमचे हे तेवढे त्याला खाडी म्हणायचे.

हे खाडीकाठचे. भरती-ओहोटीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून तिसऱ्या-शिंपल्या वेचण्यात बालपण गेलेलं. नोकरी लागली रेल्वेच्या सिग्नल खात्यात आणि बदली झाली ती या कोरड्या मुलखात. कॉलनीमागे नाला एका ठिकाणी वळतो आणि पसरतो. तिथे तेव्हा घोटाभर पाणी असायचं, बाकी सगळा काळा चिखल. त्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, शेपटी वरखाली करत फिरणारे तुतवार, धोबी, एखादा खंड्या. पाणी, चिखल आणि पाखरं एका जागी दिसली की झाली ह्यांची खाडी. पहिल्यांदा मला तिथे नेलं तेव्हा म्हणाले, "वास सोडलास तर आमच्या गावासारखंच आहे गो." मी वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. पदर नाकाला लावून म्हटलं, "अहो, वास सोडला तर उरतं काय इथे?"

ह्या खाडीने एकदा आमची चांगलीच फजिती केली. मुग्धा, आमची लेक, तेव्हा दुसरीत होती. शाळेत बाईंनी विचारलं, पापा काय करतात? हिने सांगितलं, "पापा रोज सुबह खाड़ी जाते हैं।" आता हिंदीत खाड़ी म्हणजे आखात. इथल्या किती घरांतले पुरुष दुबई-मस्कतला असतात, त्यांना 'खाड़ी में हैं' म्हणतात. पालकसभेला आम्ही दोघं गेलो तर बाई अदबीने उठून ह्यांना म्हणाल्या, "आप खाड़ी से कब लौटे, भाईसाहब?" ह्यांनी चेहरा जराही न हलवता सांगितलं, "जी, आज सुबह ही। साइकिल से।" बाईंना काही कळलं नाही. मुग्धा मात्र घरी येईपर्यंत रुसून बसली होती, कारण मैत्रिणींना तिने चॉकलेटं कबूल केली होती.

दिवाळी सरली की इथे थंडी येते. कोकणात थंडी चार दिवसांची पाहुणी, इथे ती बिऱ्हाड करून राहते. गच्च्यांच्या कठड्यांवर रजया वाळत पडतात, कोपऱ्यावर मूँगफलीची गाडी लागते, गजकाच्या दुकानांतून कुटलेल्या तिळाचा वास येतो. सकाळी आठपर्यंत धुकं आणि मग एकदम स्वच्छ, कोरडं ऊन. मला हे दिवस फार आवडायचे. आता ते दिवस आले की इथून निघून जावंसं वाटतं. ह्यांना जाऊन हा तिसरा हिवाळा. पहिले दोन मी मुग्धाकडे पुण्यात काढले, थंडी संपल्यावरच परतायचे. तिथे बाल्कनीतून समोरच्या इमारतीतल्या लोकांचे कपडे दिसत. मला तेवढं दृश्य पुरत होतं.

यंदा मात्र इथेच राहिले. आणि परवा शेजारच्या शेखावत भाभींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "देखो आंटीजी, अपने नाले में कितनी सुंदर बतखें आई हैं।" फोटो लांबून घेतलेला, धुक्यातला. पण काळ्या चोचीचं पिवळं टोक आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका, एवढं दिसत होतं. भाभींना त्या पक्ष्याचं नाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि ते मला मोठ्याने म्हणवेना.

मराठीत त्या बदकाला हळदीकुंकू म्हणतात. चोचीवर पिवळं आणि लाल, म्हणून. हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं, आणि त्यावरून जे झालं ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. लग्नानंतरची पहिली संक्रांत. आमच्या कॉलनीत मराठी घरं मोजून तीन, त्यांतलं एक गावी गेलेलं. वाईला संक्रांत ते रथसप्तमी आम्ही घरं पालथी घालायचो, ओट्या भरून यायचो. इथे मी खिडकीत उभी राहून पतंग बघत होते आणि डोळे पुसत होते. तेवढ्यात हे बाहेरून आले, मफलरही न काढता म्हणाले, "अगो सुमे, चल लवकर. हळदीकुंकू आलंय. सहा-सात तरी आहेत."

मला वाटलं, देव पावला. कुठल्यातरी मराठी साहेबिणीने बोलावलं असणार. पंधरा मिनिटांत तयार झाले. हिरवी काठापदराची साडी, नथ, केसांत वेणी नाही म्हणून कुंडीतली शेवंती. वाणाला काहीतरी हवं म्हणून दोन नवे कंगवेही पिशवीत टाकले. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पण माणूस पाखरांच्या नादात. त्यांना वाटलं, नवी नवरी आहे, हौस असेल. सायकलवर मागे बसवून त्यांनी मला थेट नाल्याच्या काठाला नेऊन उतरवलं, बोट दाखवलं आणि कुजबुजले, "ते बघ."

मी बघितलं. चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि चिखलात माना खुपसून चरणारी सात बदकं.

आधी मी रडले. मग नथ सावरत एवढी हसले की बदकं उडाली. ह्यांना खरा प्रकार कळला तेव्हा कान लाल झाले त्यांचे. घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातली कोयरी आणली आणि म्हणाले, "पुरुषाने लावलेलं चालतं का?" मी म्हटलं, नवऱ्याने लावलेलं चालतं. पुढे दरवर्षी आम्ही जात राहिलो. मी साधी साडी नेसून जाऊ लागले. वास येईनासा झाला म्हणणार नाही, पण मी पदर नाकाला लावायची सोडली.

मग नाला साफ करायचं ठरलं. आता कोणी म्हणेल, पाखरं बघणाऱ्या माणसाने त्याला विरोध केला असेल. उलट. ह्यांनीच निवृत्तीनंतर दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. दोन पावसाळे ओळीने कॉलनीत डेंगूची साथ आली होती. वर कारखान्यांचं निळं-लाल पाणी येऊन मिळायचं, एका उन्हाळ्यात पाच शेकाटे मरून पडलेले ह्यांनी स्वतः पुरले होते. "पाणी चांगलं झालं की बघ," ते मला सांगत. "आता दहा जातींची येतात, मग तीस येतील." त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची गावची खाडी होती. अर्ज त्यांनी हिंदीत लिहिला, शुद्धलेखन मुग्धाकडून फोनवर तपासून घेतलं.

साफसफाई झाली, आणि चांगली झाली. मी खोटं कशाला बोलू? यंत्रं आली, वर्षानुवर्षांचा गाळ निघाला, घाण पाणी दुसरीकडे वळवलं. दोन्ही काठ आणि तळ सिमेंटने बांधून काढला. फिरायला रस्ता झाला, दिवे, बाकं, फाटकाशी चौकीदाराची खोली. वास गेला, डास कमी झाले. शेखावत भाभींच्या सासूबाई काठी टेकत संध्याकाळी चक्कर मारू लागल्या. लोकांनी ह्यांना हार घातला.

पण गाळ गेला तशी त्यातली अळी, किडा, गोगलगायही गेली. घोटाभर पाण्यात उभं राहायला जागाच उरली नाही. गुळगुळीत तळावरून पातळ पाणी चाललंय, त्यात कोणी चोच खुपसायची कुठे? आपण ज्याला घाण म्हणत होतो, तेच त्यांचं ताट होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं झालं. हे पहिल्या थंडीत एकदाच तिथे गेले. तेव्हाच त्यांना चालताना धाप लागायला लागली होती. बाकावर बसले, तासभर बघत राहिले. एक कावळा आला आणि गेला. परत येताना वाटेत थांबून म्हणाले, "मीच घालवली गो." एवढंच. त्यांचा तसला चेहरा मी त्यांच्या आईच्या मरणातसुद्धा पाहिला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरातच डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं आक्रसत चालली आहेत आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घरघरायचं. पाइपाची लांबी होती तेवढंच ह्यांचं जग, पलंगापासून मोरीपर्यंत. पण त्यांनी आशा सोडली नव्हती. "पहिल्या वर्षी बिचकली असतील. दिवाळीनंतर येतात की नाही बघ," म्हणायचे. आणि दिवाळी झाल्यावर रोज सकाळी आठ वाजता मला पिटाळू लागले. "जाऊन बघून ये गो. आली का सांग."

पहिला आठवडा मी गेले. खरोखर गेले. सिमेंट, पाणी, व्यायाम करणारे लोक. घरी येऊन खरं सांगायचे, "आज नाही आलं काही." ते मान हलवायचे आणि भिंतीकडे वळून पडायचे. मग एके दिवशी, चपला काढता काढता, माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन आलीत." त्यांनी मान उचलली. "कुठली?" म्हटलं, "आपलीच. हळदीकुंकू." त्या दिवशी ते उठून बसले, अर्धी भाकरी जास्त खाल्ली, मुग्धाला फोन लावून सांगितलं. ते पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी खरं बोलायची माझी छाती झाली नाही. झालेली चूक ह्या माणसाने छातीवर घेऊन जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मग रोज माझी पाखरं वाढत गेली. दोनाची चार, चाराची सात. शेकाटे आणले, तुतवार आणला. ते बारीक चौकश्या करायचे. पाण्यात होती की काठावर? चरत होती की झोपली होती? मी आदल्या वर्षांतलं आठवून सांगायचे. एकदा रंगाच्या भरात पाच पिल्लंही सांगून बसले. त्यांनी विचारलं, "थंडीत पिल्लं?" ह्या बदकांची पिल्लं पावसात होतात हे मला माहीत होतं की! मी उठून त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. मग तेच म्हणाले, "असतील गो. शहरातली बदकं ती." आणि हसले. हसताना खोकला आला म्हणून मी पाठ चोळत बसले.

आणखी एक कबुली द्यायची आहे. तो पहिला आठवडा सोडला तर मी नाल्यावर जातच नव्हते. खोटंच सांगायचं तर ते रिकामं सिमेंट रोज कशाला बघायचं? आठ वाजता घराबाहेर पडायचे, पण वळायचे उलटीकडे, मोठ्या रस्त्याला. तिथे बसथांब्याच्या बाकावर तासभर बसून राहायचे. मशीनची घरघर कानांतून जायला अर्धा तास लागायचा. समोरून बगरूच्या, चोमूच्या बस जायच्या. एका सकाळी मी बगरूच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, एक जागा खिडकीपाशी रिकामी दिसत होती. कंडक्टर म्हणाला, "चढणो है तो चढो, माताजी।" मी पाय मागे घेतला. घरी आले आणि सांगितलं, आज नऊ होती. फक्त एकदाच, फार दमले होते त्या दिवशी, मी म्हटलं होतं, "आज एकही नाही, आणि उद्यापासून मी जाणार नाही." त्यावर ते कधी नव्हे ते रागावले. "नीट बघितलं नसशील. उद्या परत जा." मला वाईट वाटलं होतं. वाटलं, ह्यांना पाखरांची पडली आहे, माझी नाही.

संक्रांतीला इथलं आकाश पतंगांनी भरून जातं. गच्च्यागच्च्यांवर गाणी लागलेली, 'वो काटा'च्या आरोळ्या. त्या दिवशी ह्यांनी खिडकी उघडायला लावली आणि मला म्हणाले, "आज तुझं हळदीकुंकू. जाऊन ये." मी म्हटलं, मांजा फार आहे, पाखरं बसायची नाहीत आज. घरीच बसले त्यांच्याजवळ. पुढच्या आठवड्यात ते गेले, रथसप्तमीच्या आधी. शेवटचे दोन दिवस बोलणं नव्हतं. त्याआधीचं शेवटचं धड वाक्य होतं, "किती आली?" मी सांगितलं, "अकरा." ते म्हणाले, "छान."

हे 'छान' मी तीन वर्षं उराशी धरून होते. खोटं बोलले, पण माणूस समाधानाने गेला. चोराच्या मनात चांदणं असतं तसं कधीकधी टोचायचं, पण मी मनाला समजावायचे की तुझं पाप पुण्यातच जमा होईल.

परवा फोटो बघितल्यावर गेले. फाटकाशी चौकीदार भंवरलालजी उन्हात खुर्ची टाकून बसले होते, शाल पांघरून. सफाई झाली तेव्हापासून तेच आहेत. मला बघून उठले. "आंटीजी! घणा दिन हो गया।" मग बोट दाखवलं. गेल्या दोन-तीन पावसांत वळणावर सिमेंटवर मातीचा थर साचला आहे, त्यावर गवत आणि पाणकणसं उगवली आहेत. कोणी ते काढलेलं नाही. त्या चिखलात बदकं चरत होती. खरी. मी मोजली, आठ होती. दोन शेकाटेही होते. पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता. ह्यांना जे हवं होतं ते अगदी तसंच, फक्त तीन वर्षं उशिरा.

"बाबूजी आज होते तो मैं खुद फ़ोन लगाता," भंवरलालजी म्हणाले. "तब तो रोज उन्हीं का आता था।"

मी विचारलं, कधी?

"उस आखिरी सर्दी में। रोज। आप उधर घर से निकलतीं, इधर मेरा फ़ोन बजता। साँस चढ़ी रहती थी, फिर भी पूछते, भंवरजी, आज कुछ आया? मैं कहता, कोनी आयो, बाबूजी, कुछ नहीं आया। फिर पूछते, और हमारी मैडम आईं? मैं कहता, वो भी कोनी आईं।" त्यांनी शाल सारखी केली. "मैंने एक बार कहा, आंटीजी को बोल दूँ, झूठमूठ क्यों परेशान होती हैं? तो डाँट दिया मुझे। बोले, ख़बरदार। बेचारी दिन भर इस मशीन के पास बैठी रहती है। इसी बहाने एक घंटा बाहर तो निकलती है। जहाँ बैठती है, बैठने दो।"

मी कठड्याला धरून उभी राहिले. भंवरलालजींनी खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

सिग्नल खात्यातला माणूस. फाटक बंद आहे असं एकाने सांगितलं म्हणून गाडी सोडायची नाही, दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची, ही जन्माची सवय. ती आजारपणात जाईल असं मी समजले हीच माझी चूक. त्यांना पहिल्या दोन बदकांपासून सगळं माहीत होतं. अर्धी भाकरी जास्त खाल्ली तीही माझ्यासाठी. थंडीतली पिल्लंही त्यांनी माझ्यासाठीच पोटात घातली. मी रोज तासभर कुठे जाते, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. किती जीव होता माणसाचा, असं म्हणून डोळे पुसायला हवे होते. शेखावत भाभींनी ऐकलं तेव्हा त्या तसंच म्हणाल्या, "कितना प्यार था, आंटीजी।" होतं. नव्हतं कोण म्हणतं? पण मला राहून राहून दुसरंच दिसतं. मी बसथांब्यावर बसले आहे, आणि इकडे पलंगावर हा माणूस धापा टाकत फोन लावतोय. रोज त्याच्या कानावर 'कोनी आयो' पडतंय. फोन ठेवून तो माझ्यासाठी तोंड हसरं करून ठेवतोय. जवळजवळ तीन महिने. एकाच घरात राहून आम्ही एकमेकांना इतकं जपलं, की दोघंही एकेकटे पडलो.

'मीच घालवली गो' म्हणाले होते ते. ते ओझं त्यांच्या छातीवरून उतरलंच नव्हतं, रोज सकाळी आठ वाजता थोडं वाढतच होतं. एका दिवशी जरी मी खरं बोलून जवळ बसले असते, तरी त्यांचा हात हातात घेऊन म्हणू शकले असते, की अहो, पोरं तापाने फणफणत होती, तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत, यात तुमची चूक नाही. त्यांना एवढंच ऐकायचं होतं, आणि तेही फक्त माझ्याकडून. पण मी ते म्हणणार कसं? मी सांगत होते त्या खाडीत तर रोज पाखरं येत होती.